वादळानंतर उरलेली चार झाडं

३ ऑक्टोबर

आलो एकदाचे. ट्रक अकराला दारात लागला आणि चारपर्यंत सगळं सामान आत. कपाटाचा एक पाय आणि आईंचा चष्मा, एवढीच मोडतोड. चष्म्यावर आई स्वतःच बसल्या होत्या, पण खापर ट्रकवाल्यावर फोडून मोकळ्या झाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एकाहत्तर, जीभ पंचविशीतली.

ही वही नवऱ्याने हातात दिली. नवं गाव, नवी नोकरी, काहीतरी लिहीत जा म्हणाला, नाहीतर रोजचं सगळं माझ्या कानात ओततेस आणि मग माझी घड्याळं मागे पडतात. तो घड्याळं दुरुस्त करतो. सामान लागायच्या आधी त्याचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी लागलं. तिथे उजेड सरळ येतो म्हणे.

घर तीन खोल्यांचं. स्वयंपाकघर लांबुळकं, रेल्वेच्या डब्यासारखं. पण घरापेक्षा बाग मोठी! तिन्ही बाजूंनी झाडं. ठकी (आमची लेक, आठ वर्षांची) आल्या आल्या जी बाहेर पळाली ती गुडघे फोडूनच आत आली. आईंनी झाडं मोजली, अकरा भरली. फाटकाशी नीलगिरी, इतकी उंच की शेंडा बघताना मान दुखते. तिच्या पुढ्यात लिंबू. टेबलाच्या खिडकीसमोर पेरू. मागे डाळिंब, पपया, शेवगा आणि काय काय.

मालकीणबाई किल्ल्या देऊन लगेच निघाल्या. त्या आता बहिणीकडे राहतात. जाताना त्यांनी मागे वळून एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, घर सोडताना गलबलत असेल.

५ ऑक्टोबर

नोकरीचा पहिला दिवस. हाडांचं इस्पितळ छोटं आहे, पण प्लास्टरची खोली नीटनेटकी. पट्ट्या, कापूस, फळ्या, कात्र्या, सगळं जिथल्या तिथे. मोठे डॉक्टर मोजकं बोलतात. माझ्याकडून एका आजोबांचा पाय बांधून घेतला, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, हात चांगला आहे. सोळा वर्षं हाच धंदा केला की प्लास्टर किती घट्ट असावं हे बोटांनाच कळतं, डोकं लागत नाही.

घरी आले तर आईंनी पपईच्या बुंध्याशी खुर्ची टाकून दरबार मांडलेला. शेजारच्या निवृत्त पोस्टमनकाकांशी ओळख झाली. ते वादळाचं बोलत होते, रेडिओवर सांगितलंय म्हणे. नवरा म्हणाला, रेडिओवर रोजच काहीतरी सांगतात.

७ ऑक्टोबर

दुपारी बाराला आभाळ पितळी झालं. एकला वारा सुटला. चारपर्यंत आम्ही चौघं स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसलो. बाहेर काय काय पडत होतं ते आवाजावरून ओळखायचा खेळ ठकीने सुरू केला, पण तिसऱ्या झाडानंतर ती गप्प झाली. पाचला सगळं थांबलं. कुणी नळ बंद करावा तसं.

कुणाला खरचटलंही नाही. छप्पर जागेवर आहे. देवाची कृपा म्हणायची.

८ ऑक्टोबर

बागेची दशा पाहवत नाही. शेवगा अर्ध्यातून मोडला. पपया जमीनदोस्त. सात झाडं गेली, चार राहिली: पेरू, लिंबू, डाळिंब, नीलगिरी.

त्यातलं डाळिंब तेवढं जसंच्या तसं. पेरूची एक जाड फांदी चिरून सालीवर लोंबते आहे. नीलगिरी पडलेली नाही, पण कललेली आहे. एका बाजूची मुळं गुडघाभर वर आली आहेत, माती फाटली आहे, आणि तो एवढा मोठा बुंधा लिंबाच्या डोक्यावर रेलून थांबला आहे. लिंबू वाकलंय, मोडलेलं नाही. लहान मुलाच्या खांद्यावर मोठ्या माणसाने भार द्यावा तसं दिसतं.

रजा मिळाली नाही. इस्पितळात रांग लागली आहे, छपरावरून पडलेले, पत्र्याने कापलेले. दोनला परत आले आणि अंधार पडेपर्यंत चिखलात. लिंबाच्या उघड्या मुळांवर ओलं गोणपाट घातलं, वर माती ओढली, मोडक्या डहाळ्या साफ केल्या. सकाळपासून माझे तळपाय गार पडले आहेत. गरम पाण्यात बसले तरी ऊब येत नाही. चिखलाचा परिणाम.

९ ऑक्टोबर

झाडं कापणारा आला. गावात सगळे त्याला कापूसवाले म्हणतात. तीस वर्षं यंत्राच्या करवतीशेजारी काढली, आता कानांत कापसाचे बोळे असतात आणि बोळे काढले तरी फारसं ऐकू येत नाही. खुणांनी बोलावं लागतं. नीलगिरीकडे पाहून त्याने मान हलवली. एकट्याचं काम नाही, दोर हवा, माणसं हवीत, आणि सगळी माणसं सध्या रस्ता मोकळा करताहेत. आठ-दहा दिवस थांबा. तोवर पेरूची फांदी घेतो म्हणाला.

पेरू कापायला दोन मिनिटं लागली. तिरपा, स्वच्छ काप.

आणि त्याच वेळी आतून नवरा ओरडला.

तो ओरडणारा माणूस नाही. दाढ काढताना हूं की चूं केलं नव्हतं. मी धावत गेले तर चिमटा खाली पडलेला आणि हा उजवं मनगट छातीशी धरून पांढराफटक. पडला नाही, आपटला नाही, खुर्चीतून हललाही नाही. मनगट मात्र लोंबतंय.

१० ऑक्टोबर

एक्स-रे पाहिला. दोन्ही हाडं तुटली आहेत. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरून मला तीनदा विचारलं, कशाने लागलं. पडून मोडलेलं हाड कसं दिसतं ते मला ठाऊक आहे, वेडंवाकडं, चिरफळलेलं. हे तसं नाही. सरळ तिरपी रेघ, पट्टीने आखल्यासारखी. वर कातडीवर साधा ओरखडा नाही.

प्लास्टर मीच घातलं. तो थट्टा करत होता, आता घड्याळं डाव्या हाताने दुरुस्त करणार, म्हणजे काटे उलटे फिरतील. पण घरी आल्यावर टेबलाकडे गेला नाही.

रात्रभर ठणका लागणार. गोळ्या दिल्यात.

११ ऑक्टोबर

ठकीला दम लागतोय. ताप नाही, खोकला नाही. छातीवर कुणीतरी बसलंय, उठवा ना त्याला, असं म्हणते. आईंनी तिची वेणी घालताना मला हळूच फणी दाखवली. झुपकाच्या झुपका केस. मुळासकट.

लिंबाची पानं पिवळी पडून गळताहेत. खाली सडा पडला आहे.

नवऱ्याचा ठणका गोळ्यांनीही थांबत नाही.

१२ ऑक्टोबर

सकाळी ठकीला इस्पितळात दाखवलं. छाती साफ. रक्त चांगलं. मुलांच्या डॉक्टरणीने पाठीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, हवा आत जातेय, पण छाती फुगत नाहीये, बाहेरून दाबल्यासारखी. नळीने प्राणवायू दिला. फरक नाही. घरी आणलं.

दुपारी पेरूपाशी गेले होते, सहज. कापलेल्या फांदीचा खुंट पाहिला. तिरपा काप. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. मग आत जाऊन नवऱ्याच्या पिशवीतला एक्स-रे काढला आणि खुंटाशेजारी धरला.

तोच तिरपेपणा. तीच बाजू. अगदी खालच्या टोकाला जो छोटा टवका उडालाय तोसुद्धा.

मला हसू आलं. खरंच आलं. दोन दिवस झोप नसली की असं होतं. पण इस्पितळातून आणलेली एक पट्टी घरात होती, ती भिजवली आणि पेरूच्या त्या खुंटाला गुंडाळली. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पट्टी सुकत आली तेव्हा चार वाजले होते.

आत आले तर नवरा झोपलेला. तीन दिवसांत पहिल्यांदा. उठल्यावर म्हणाला, ठणका अचानक गेला. कधी, विचारलं. समोरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाला, चारच्या सुमारास.



१३ ऑक्टोबर

नीलगिरी खाली सरकते आहे. परवा बुंधा आणि कुंपणाची तार यांत वीतभर फट होती. आज चार बोटं. माती ओली आहे, मुळं रोज थोडी थोडी सुटताहेत. लिंबू तेवढंच आणखी वाकतंय.

ठकी आज पाणी प्यायला उठू शकली नाही.

पोस्टमनकाकांकडून गाडीचा जॅक आणला. का हवा ते सांगितलं नाही, झाडाला टेकू द्यायचा एवढंच. काका, मी आणि एका हाताने नवरा, तिघांनी मिळून बुंध्याखाली फळी सारली, फळीखाली जॅक. काका दांडा फिरवत होते. एक बोट. दोन बोटं. लिंबाची वाकलेली फांदी सुटून थरारली.

तेवढ्यात आतून आईंची हाक आली. मी धावले. ठकी उठून बसली होती. एक लांब, पोटापर्यंतचा श्वास घेतला तिने. आठवडाभर पाण्याखाली होती की काय असा. आणि म्हणाली, भूक लागली. भातावर दूध घेतलं, पुन्हा मागितलं. आई डोळे पुसत होत्या आणि तिलाच ओरडत होत्या, हळू खा म्हणून.

चाळीस मिनिटं. मग जॅक चिखलात रुतला. फळी एका टोकाने वर उचलली गेली आणि बुंधा पुन्हा खाली बसला, आधीपेक्षा खाली.

तिच्या हातातला चमचा पडला.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पेरूच्या पट्टीकडे पाहिलं आणि स्वतःच्या पट्टीकडे. सांगावं काहीच लागलं नाही.

१४ ऑक्टोबर

आज पुन्हा दोनदा जॅक लावला. माती धरत नाही. विटा घातल्या, दगड घातले, घराचं मागचं दार काढून तेही खाली घातलं. सगळं गिळतेय ती माती.

आईंना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी शांतपणे मालकीणबाईंचा नंबर मागितला. मी शेजारी कान लावून होते. आईंनी वादळाचं सांगितलं, झाडं पडल्याचं, नीलगिरी लिंबावर रेलल्याचं सांगितलं.

मग त्या बाईंनी विचारलं, "किती उरली?"

आई म्हणाल्या, "चार."

"आणि तुम्ही माणसं किती?"

मालकीणबाई मग भराभरा बोलल्या. त्या घरात असंच होतं. जितकी माणसं तितकीच झाडं राहतात, बाकीची कधी ना कधी जातात. आम्ही सहा होतो, आता मी एकटी; झाडं मागून पुन्हा उगवली. तुमचं वेगळं होईल असं वाटलं होतं. कुणाचं कोणतं, ते झाडाला काही झाल्याशिवाय कळत नाही. घर सोडून उपयोग नाही, आम्ही सोडून पाहिलं. लिंबावरचा भार काढा, एवढं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नंतर लावला तर उचलत नाहीत.

१५ ऑक्टोबर

तरी नवरा ऐकेना. काकांच्या गाडीत ठकीला घातलं आणि शहराच्या वाटेला लागलो. रस्ता अर्धाच मोकळा आहे. दहा मैलांवर तिचे ओठ जांभळे झाले. काकांनी न विचारता गाडी वळवली.

परत आलो तेव्हा पाहिलं. बुंधा तारेला टेकला आहे. तार ताणून वाकली आहे.

आम्ही निघालो होतो त्याच वेळी खाली आला असणार.

मी तिला मांडीवर घेऊन बसले आहे. श्वास मोजते. मिनिटाला अठ्ठेचाळीस. कुत्र्याच्या पिल्लासारखे, वरवरचे.

माझे पाय आता घोट्यापर्यंत गार. उभी राहिले की एका बाजूला कलते. नवऱ्याने विचारलं, अशी तिरकी का चालतेस. थकलेय म्हटलं.

१६ ऑक्टोबर

कापूसवाला परवा येतो म्हणाला. परवा सकाळी दहाला, दोर आणि दोन माणसं घेऊन. उद्या ये म्हणून हात जोडले. बहिऱ्या माणसासमोर गयावया कशी करायची? कागदावर लिहून दिलं. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याच पेन्सिलीने खाली लिहिलं: माणसं नाहीत.

लिंबू उपटून दुसरीकडे लावता येईल का, विचारलं. मुळं तुटतील, मरेल.

नीलगिरी कापणं एवढाच मार्ग. आणि नीलगिरी कुणाची?

पेरू नवऱ्याचा. लिंबू ठकीचं. उरली डाळिंब आणि नीलगिरी. उरलो आई आणि मी.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. नवरा ठकीपाशी. आई कितीतरी वेळ ताटातले खडे निवडत होत्या. खडे नव्हतेच. मग म्हणाल्या, "नीलगिरी माझी आहे."

मी म्हटलं, कशावरून?

"बागेतलं सगळ्यात म्हातारं झाड ते. आणि घरातलं म्हातारं माणूस मी. यात विचार करण्यासारखं काय आहे?" ताट बाजूला ठेवलं. "कापायला सांग. माझ्या लेकाला यातलं अवाक्षर कळता कामा नये."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. लग्नाला बारा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. त्यांनी केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, तेल लावत नाहीस तू.

१७ ऑक्टोबर

मिनिटाला छप्पन्न.

सकाळी मागे गेले. आई खिडकीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मला त्या दिसत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मी सुई घेऊन गेले होते. डाळिंबाच्या एका कोवळ्या डहाळीत टोचली. हलकेच.

आईंनी हात झटकला. बोट तोंडात घातलं.

दुसऱ्या डहाळीत टोचली. त्यांनी दुसरा हात झटकला, इकडेतिकडे डास शोधला.

तिसऱ्यांदा नको म्हटलं. तरी टोचली. त्या आतल्या आत पुटपुटल्या आणि खिडकी लावून घेतली.

मग पुढे आले. नीलगिरीच्या उघड्या मुळावर नखाने साल थोडी सोलली. डाव्या टाचेत कळ गेली ती थेट मांडीपर्यंत. खाली बसले.

गार पाय. तिरकं चालणं. रोज थोडं थोडं सुटत जाणं.

मीच माझ्या पोरीच्या छातीवर रेलून बसले आहे. दहा दिवस.

दुपार

आईंना सांगणार नाही. सांगितलं तर कापू देणार नाहीत, दारात आडव्या पडतील. नवऱ्याला तर नाहीच. एका हाताने त्याने कुणाला निवडायचं? आईंना वाटू दे की झाड आपलंच आहे. उद्या रात्री आई जिवंत असतील आणि माझ्यावर चिडतील. चिडू देत.

कापूसवाल्याच्या घरी गेले. भिंत धरून धरून, पाऊण तास लागला. कागदावर विचारलं, बुंधा कमरेइतका ठेवून वर कापलं तर? त्याने लिहिलं: नीलगिरी चिवट. खोड ठेवलं तर फुटते. दोन वर्षांत सावली देते. मुळापासून घेतली तर संपली.

ते वाक्य मी चारदा वाचलं.

फुटते.

इस्पितळात पाय गेलेली माणसं पाहिली आहेत. चालतात पुन्हा. जगतात. मी त्यांना बांधलं आहे.

परत येऊन बुंध्याला कमरेच्या उंचीवर पांढरी पट्टी गुंडाळली, प्लास्टरची, दुरून दिसेल अशी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे. याच्या खाली नाही.

१८ ऑक्टोबर

सकाळ

मिनिटाला चौसष्ट. डोळे उघडत नाही. ओठ—

आईंनी आंघोळ केली, ठेवणीतले कपडे घातले, ठकीच्या शेजारी पलंगावर पडून राहिल्या, तिचा हात हातात घेऊन. डोळे मिटलेत. नवऱ्याला वाटतं, काळजीने गळून गेल्यात. तो उशाशी बसलाय, इस्पितळातून आणलेली प्राणवायूची नळी धरून. मी सांगितलं, तू तिथून हलायचं नाही, काही ऐकू आलं तरी.

मी त्याच्या टेबलाशी. इथून फाटक दिसतं. हात कामात राहावेत म्हणून लिहिते आहे. लिहीत राहिले की कळेल मला—

दहा

आले. तिघं. कापूसवाल्याने पट्टी पाहिली, मान हलवली. समजलं त्याला. नक्की समजलं.

आधी दोर बांधताहेत, बुंधा लिंबावर आपटू नये म्हणून. दुसरं टोक फाटकाच्या खांबाला. ताणला.

माझ्या बरगड्यांभोवती. घट्ट. पण आत ठकी— एक मोठा श्वास. ऐकला मी. भिंतीपलीकडून ऐकला.

करवत सुरू.

वरच्या फांद्या आधी. पहिली. डाव्या हाताची करंगळी गेली. म्हणजे आहे, दिसते आहे, माझी नाही. दुखत नाही फार.

दुसरी. तिसरी. डावा हात कोपरापर्यंत टेबलावर पडलाय, कुणाचा तरी विसरलेला असावा तसा. उजवा ठीक. उजवा राहू दे.

ठकी बोलली. काय बोलली कळलं नाही. आवाज आला. नवरा हसला की रडला, दोन्ही.

शेंडा. डोळ्यांपुढे पांढरं. परत आलं. लिहिता येतंय. वळणं बिघडली, येतंय.

लिंबू वर उठतंय. मी पाहते आहे. पानं झटकून, वाकलेलं माणूस पाठ सरळ करतं तसं, हळूहळू— मिनिटाला तीस असतील आता. मोजायला जाता येत नाही.

ठकीने हाक मारली. आई, म्हणाली. मला. सासूबाईही उठून बसल्यात, त्यांचा आवाज येतोय, विचारताहेत, मी कशी काय— मी कशी काय अजून—

थांबा तिथेच. येऊ नका इकडे.

आता बुंधा. पट्टीवर करवत लावली. कमरेवर गार रेघ. ठीक. हे ठरलेलं होतं. हे—

थांबला. काय झालं. पट्टी सोडतोय. आत हात घालून बघतोय. तिथे तडा आहे वाटतं, बुंध्यात, आत, करवत अडकते आहे. माणसांना खूण करतोय. खाली. खाली हात दाखवतोय.

नाही.

खाली वाकला. मुळाशी. माती बाजूला करतोय.

खिडकी वाजवली. बघत नाही. कापूस आहे कानात. नवऱ्याला हाक मारायला हवी, आवाज निघत नाही, तोंड— उठायला हवं. दारापर्यंत सात पावलं. पाय जमिनीवर आहेत, हलत नाहीत, रुतल्यासारखे

ठकीचं हसू ऐकू येतंय. केवढ्याने हसतेय. असंच

करवत टेकवली, टाचेपाशी, त्याने वर पाहिलं असतं एकदा तर, एकदाच, मी हात वर केला आहे, उजवा, हा बघ, पेन्सिल धरलेला, इकडे बघ, इक